पंधरा मिनिटांचे पाणी

चळवळीत काम करणारी माणसे विनोदाकडे थोड्या संशयानेच पाहतात. त्याला कारणही आहे. हसणारे ते आणि ज्यांना हसायचे ते आपण, अशीच वाटणी या समाजात शतकानुशतके चालत आली. आपली बोली, आपली नावे, आपले जेवण, आपले फाटके कपडे हे दुसऱ्यांच्या करमणुकीचे विषय होते. त्यामुळे एखादा चित्रपट 'धमाल विनोदी' आहे असे कुणी म्हटले, की तो आपल्या विचाराचा विषय नाही असे ठरवून आपण मोकळे होतो. मीही तसेच समजत होतो. घोलवडला काही मुलांबरोबर एक जुना अमेरिकन चित्रपट पाहिला आणि ही समजूत अपुरी आहे असे मला वाटू लागले. हा लेख त्या चित्रपटासंबंधी आहे, आणि खरे म्हणजे त्या चित्रपटाच्या निमित्ताने आपल्या हसण्यासंबंधी आहे.

घोलवड-बोर्डीच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी मुंबईची आणि गुजरातची माणसे हवा खायला येतात. चिकूच्या वाड्यांतून राहण्याच्या खोल्या झाल्या आहेत, काही ठिकाणी पोहण्याचे तलाव बांधले आहेत. माझा एक माजी विद्यार्थी, वारली पाड्यातला मुलगा, अशाच एका ठिकाणी कामाला आहे. जाळीने पालापाचोळा काढणे, तळ घासणे, पाण्यात औषध टाकणे हे त्याचे काम. त्यानेच हा चित्रपट मोबाइलवर पाहिला होता. "सर, यात आमच्यासारखी पोरं आहेत," असे सांगत तो आला. मग एका संध्याकाळी माझ्या खोलीत भिंतीवर चादर लावून आम्ही दहा-बारा जणांनी तो पाहिला. इंग्रजी कळत नव्हते तेथे मी थांबवून सांगत होतो. पोरे पोट धरून हसत होती.

एका ठिकाणी मात्र हसणे थांबले. श्रीमंतांच्या क्लबात नोकर पोरांना तलावावर येण्याची मुभा मिळते आणि पाटी दिसते ती अशी, की दुपारी एक ते सव्वा. पंधरा मिनिटे. ती पाटी चित्रपटकाराने हसण्यासाठीच लावली आहे. पण हा मुलगा म्हणाला, "त्यांना पंधरा मिनिटं तरी मिळाली, सर." मी विचारले, "का रे? तुला पाण्यात उतरू देत नाहीत?" तो म्हणाला, "उतरतो की. रोज उतरतो. घासायला."

पाण्यात उतरण्याची परवानगी आहे, पोहण्याची नाही. या उत्तरापुढे मला तरी काही बोलता आले नाही. म्हणून हे लिहितो आहे.

१

चित्रपटाचे नाव 'कॅडीशॅक'. तो १९८० साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक हॅरॉल्ड रॅमिस. त्यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. गोल्फ खेळणाऱ्या साहेबाच्या काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्या मागोमाग मैलभर चालणारा जो पोऱ्या, त्याला 'कॅडी' म्हणतात. साहेब चेंडू मारतो, कॅडी तो कोठे पडला ते पाहतो, कोणती काठी घ्यावी ते सुचवतो आणि खेळ संपल्यावर बक्षिसाच्या आशेने उभा राहतो. या पोऱ्यांची बसण्याची जी खोपटी, ती कॅडीशॅक. म्हणजे चित्रपटाच्या नावातच क्लब नाही, क्लबाच्या मागची खोपटी आहे.

कथा साधी आहे. बुशवुड नावाचा एक कल्पित क्लब. त्यावर स्मेल्स नावाच्या न्यायाधीशाचा दरारा. डॅनी नावाचा एक गरीब, खंडीभर भावंडांच्या घरातला मुलगा तेथे कॅडी आहे. कॉलेजला जायला त्याच्याकडे पैसे नाहीत. क्लब दरवर्षी एका कॅडीला शिष्यवृत्ती देतो. ती मिळावी म्हणून तो न्यायाधीशाची मर्जी राखू लागतो. कॉलेजची फी परवडत नाही असे तो सांगतो तेव्हा न्यायाधीश शांतपणे उत्तरतो, की जगाला खड्डे खणणारेही लागतातच. तेवढ्यात झेर्विक नावाचा एक नवश्रीमंत बिल्डर क्लबात शिरतो. भडक कपडे, मोठा आवाज, हातात नोटांची पुडकी. तो सगळ्यांचा अपमान करतो, जेवणघरात धिंगाणा घालतो आणि प्रतिष्ठितांची झोप उडवतो. शेवटी मोठ्या रकमेची पैज लागते. झेर्विकच्या जागी डॅनी खेळायला उभा राहतो. खेळलास तर शिष्यवृत्ती गेली, असे न्यायाधीश त्याला सुचवतो. तरीही तो खेळतो. चेंडू भोकाच्या काठावर अडकतो. त्याच वेळी मैदानाची निगा राखणारा कार्ल नावाचा अर्धवट माणूस, बिळे करणाऱ्या एका प्राण्याला मारण्यासाठी सुरुंग उडवतो. जमीन हादरते आणि चेंडू आत पडतो. प्राणी मात्र सुखरूप राहतो आणि नाचतो. चित्रपट संपतो.

वरवर हा सगळा पोरखेळ आहे. अनेक विनोद ओंगळ आहेत. स्त्रियांकडे पाहण्याची दृष्टी तर हलकीच आहे. ते लपवण्याचे कारण नाही. परंतु या पोरखेळामागे एक अनुभव आहे. पटकथेच्या तीन लेखकांपैकी ब्रायन डॉयल-मरे यांचे बालपण शिकागोजवळच्या नऊ भावंडांच्या आयरिश कॅथलिक घरात गेले. ते आणि त्यांचे भाऊ लहानपणी विनेट्का गावच्या एका क्लबात खरोखरच कॅडीचे काम करीत. कार्लची भूमिका करणारे बिल मरे हे त्यांचेच भाऊ. म्हणजे हा चित्रपट पिशवी वाहिलेल्या खांद्यावरून क्लबाकडे पाहतो. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याला स्वानुभवाचा आधार आहे.

२

आता त्या तलावाकडे येऊ. कॅडी पाण्यात उड्या मारीत असतात. कुणाच्या तरी हातून एक चॉकलेट पाण्यात पडते. ते तरंगताना दिसते आणि लोकांना ती विष्ठा वाटते. एकच पळापळ होते. तलाव उपसला जातो. कार्ल नखशिखान्त संरक्षक पोशाख घालून तळ घासतो. त्याला ते चॉकलेट सापडते. तो वास घेतो, हसतो आणि खातो. न्यायाधीशाची बायको बेशुद्ध पडते.

अमेरिकन प्रेक्षक येथे खदखदून हसतो. पण ज्याने महाडचा इतिहास वाचला आहे त्याला हे दृश्य निराळे दिसते. विटाळ खरा नव्हता. विटाळाची कल्पना खरी होती. पाणी चॉकलेटने खराब झाले नाही. 'ते' पाण्यात उतरले होते, म्हणून काहीतरी घाण झालेच असणार, हे मनात आधीच ठरलेले होते. चॉकलेट निमित्त झाले.

महाडात असेच झाले. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे ठरवले होते. म्हणजे कागदावर पाणी मोकळे होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे तळ्यावर गेली आणि ओंजळभर पाणी प्याली. त्यानंतर देवळात शिरणार अशी आवई उठवून त्यांना मारहाण झाली. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेली एकशे आठ मडकी मंत्र म्हणत तळ्यात ओतली गेली. त्या तळ्यावर जनावरे पाणी पीत, परधर्मीय पाणी भरीत. त्याने ते बाटत नव्हते. माणसाच्या ओंजळीने बाटले, आणि शेणाने शुद्ध झाले. तळ्यावरचा आपला हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला तो १९३७ साली.

कोणत्याही विनोदी चित्रपटाच्या लेखकाला सुचणार नाही असा हा प्रसंग आहे. फरक इतकाच, की त्या वेळी हसण्याची सोय आपल्याला नव्हती. डोकी फुटली होती.

अमेरिकेतही तलावाची गोष्ट केवळ पडद्यावरची नाही. फ्लोरिडा राज्यात सेंट ऑगस्टीन नावाचे गाव आहे. १८ जून १९६४ रोजी तेथील एका मोटेलच्या तलावात काळे आणि गोरे सत्याग्रही एकत्र उतरले. मालकाने पाण्यात ॲसिड ओतले. त्याचे छायाचित्र जगभर गेले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सिनेटने नागरी हक्कांचे विधेयक मंजूर केले. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने तर काळ्यांबरोबर पोहण्यापेक्षा आपले सार्वजनिक तलावच बंद केले आणि १९७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते चालू दिले. तलाव सर्वांसाठी बंद आहे, मग भेदभाव कुठे झाला, असा तो युक्तिवाद. महाडचे मडके आणि सेंट ऑगस्टीनचे ॲसिड यांत मला मूलतः फरक दिसत नाही. दोन्हीकडे पाणी हे निमित्त आहे. माणूस म्हणून बरोबरी मान्य करायची नाही, हे खरे कारण.

कार्लच्या पोशाखाबद्दलही एक शब्द. पडद्यावर तो पोशाख हास्यास्पद दिसावा म्हणून घातला आहे, कारण घाण खरी नव्हतीच. आपल्याकडे घाण खरी असते आणि पोशाख नसतो. हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. त्यानंतरही गटारात उतरून माणसे गुदमरून मरतच आहेत, आणि ती कोणत्या जातींची असतात हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको.

३

या प्रकारच्या विनोदाची रचना नीट समजून घेतली पाहिजे. एक बंद फाटक असते. आतल्यांचे काही नियम असतात: कोणते कपडे, कोणता आवाज, कोणते पाहुणे. बाहेरचा माणूस आत येतो आणि ते नियम मोडतो. नियम मोडला की आकाश कोसळत नाही. मग तो नियम मुळात कशासाठी होता, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात हसता हसता उभा राहतो. हे या विनोदाचे बळ आहे. प्रतिष्ठा भीतीवर उभी असते. हसणाऱ्या माणसाची भीती काही काळ तरी सुटते.

पण बाहेरचा माणूस एकाच प्रकारचा नसतो, आणि खरी मेख तेथे आहे. 'कॅडीशॅक'मध्ये मला तीन प्रकारचे बाहेरचे दिसतात.

पहिला झेर्विक. त्याच्या तोंडच्या एका विनोदातून क्लबात ज्यूंना मज्जाव आहे हे कळते. तो रीतभात जाणत नाही, पण त्याच्याकडे पैसा आहे. सगळ्यात मोठे हशे त्याला मिळतात. परंतु तो फाटक मोडत नाही. फाटक विकत घेऊ पाहतो. एका धनवंताने दुसऱ्या धनवंताची फजिती करावी आणि पोऱ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, अशी ही लढाई आहे. शिवाय पैशाने क्लब विकत मिळतो, जात विकत मिळत नाही. आपल्यातला एखादा अधिकारी होतो, गाडी घेतो, बंगला बांधतो, आणि तरीही त्याचे आडनाव ऐकून शेजाऱ्याचा चेहरा बदलतो. झेर्विकला हा अनुभव अर्धाच असतो.

दुसरा डॅनी. तो हुशार आहे, नम्र आहे आणि शिष्यवृत्तीसाठी मान खाली घालायला तयार आहे. आपल्या शिकलेल्या तरुणांनी त्याच्याकडे नीट पाहावे. क्लबाची शिष्यवृत्ती ही मेहेरबानी आहे. देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो आणि त्या धाकावर तुमचे तोंड बंद ठेवू शकतो. बाबासाहेब स्वतः १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. त्या उपकाराची जाण त्यांनी ठेवली. पण १९१७ साली करारानुसार बडोद्याला नोकरीवर आले तेव्हा राहायला खोली मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. विद्वत्तेने फाटक उघडत नाही हे त्यांनी तेथे अनुभवले. म्हणूनच पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली, याचे मोल मोठे आहे. मर्जीची गोष्ट हक्काची झाली. ती वेळेवर मिळत नाही म्हणून आजचा विद्यार्थी मोर्चा काढू शकतो. डॅनीला मोर्चा काढता येत नव्हता.

तिसरा बाहेरचा माणूस पडद्यावर फारच थोडा वेळ दिसतो. क्लबात बूट चमकवणारा एक काळा कामगार आहे. न्यायाधीश त्याच्यासमोरच काळ्यांवरचा एक किळसवाणा विनोद सांगतो. तो आहे याची त्याला जाणीवही नाही. कामगार काही बोलत नाही. तो न्यायाधीशाचे बूट यंत्रावर धरतो आणि ठिणग्या उडेपर्यंत घासून त्यांची वाट लावतो. माझ्या मते सबंध चित्रपटातला हा सर्वांत खरा क्षण आहे. ज्याला बोलता येत नाही त्याचे हात बोलतात. पण चित्रपट त्याच्याजवळ थांबत नाही. त्याला घर नाही, भावंडे नाहीत, पैजेत वाटा नाही.

हे केवळ पटकथेचे दुर्लक्ष नव्हे. अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत १९३४ पासून १९६१ पर्यंत सदस्यत्व फक्त गोऱ्यांना, असे लेखी कलम होते. ऑगस्टा येथील जगप्रसिद्ध क्लबात १९८२ पर्यंत 'मास्टर्स' स्पर्धेचे सगळे कॅडी काळेच असत. पहिला काळा सदस्य मात्र १९९० साली घेतला गेला, आणि स्त्री सदस्य २०१२ साली. पिशवी वाहायला काळे खांदे चालत होते. कपाटाला काळ्या माणसाचे नाव चालत नव्हते.

आणखी एक गोष्ट बोलकी आहे. मूळ पटकथा मुख्यतः कॅडींची होती. चित्रीकरण सुरू झाल्यावर झेर्विक आणि कार्ल यांच्या भूमिका करणारे नामांकित विनोदी नट ऐनवेळी संवाद रचू लागले, त्यांची दृश्ये वाढत गेली आणि कॅडी पोरे कडेला सरकली. कॅडींच्या चित्रपटातून कॅडीच बाहेर पडले! यात कुणाचा कट नव्हता. नामांकितांना जागा करून देण्यासाठी अनामिक सरकतो, हा नेहमीचा व्यवहार आहे. आपली गोष्ट दुसऱ्याच्या हातात दिली की तिचे काय होते, याचा हा वस्तुपाठ आहे. दलित लेखकाने स्वतः लिहावे, हा आग्रह आपण का धरला ते यावरून समजावे.

४

आपल्याकडे असा कॅडी झाला का? झाला. त्याचे नाव पळवणकर बाळू.

चांभार समाजातला हा मुलगा. वडील पुण्यात लष्करात नोकरीला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू पुण्याच्या युरोपियन क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीवर रूळ फिरवणे, जाळ्या बांधणे ही कामे करीत असे. साहेबांना सरावासाठी कुणीतरी चेंडू टाकणारा हवा होता. ग्रेग नावाचा गोरा फलंदाज इतरांच्या आधी तासभर येई आणि बाळू त्याला चेंडू टाकत राही. बॅट मात्र बाळूच्या हाती कुणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता. घाम गाळायची गोलंदाजी नोकराची.

त्या घामातून भारतातला आपल्या काळचा सर्वश्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. मग पुण्याच्या हिंदू क्लबाला प्रश्न पडला. साहेबांना हरवायचे तर बाळू हवा. पण बाळू अस्पृश्य. तोडगा काढला तो असा: मैदानात त्याच्या हातचा चेंडू सर्वांनी झेलायचा, पण चहाच्या वेळी त्याने मंडपाबाहेर उभे राहायचे आणि मातीच्या वेगळ्या भांड्यातून प्यायचे. जेवणाची पंगतही वेगळी. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! 'कॅडीशॅक'च्या लेखकांना हा प्रसंग कुणी सांगितला असता तर त्यांनी तो जसाच्या तसा घेतला असता, असे मला नेहमी वाटते.

१९११ साली पटियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळूने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी दिले गेले नाही. १९२० साली या अन्यायाविरुद्ध त्याच्या भावांनी संघातून माघार घेतली. त्या दबावाने बाळूला उपकर्णधार करण्यात आले. अखेर १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदू संघ जिंकला. सवर्ण सहकाऱ्यांनी विठ्ठलला खांद्यावर घेतले. ज्यांच्या खांद्यावर ओझे असायचे त्यांना खांदा मिळाला, हे चित्र खरोखर आनंदाचे आहे. पण ते बाळूच्या बोटांच्या कसबाइतकेच भावांच्या बहिष्काराने घडले, हे विसरता कामा नये. क्लबाचे मन आपोआप पालटत नसते.

या कथेला एक कडू शेपूटही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने उभा केलेला उमेदवार होता पळवणकर बाळू. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. मी बाळूला दोष देत नाही; त्याने जे सोसले ते आपल्यापैकी कितीजणांना सोसले असते? पण फाटकाच्या आत घेतलेल्या एका माणसाला फाटकाबाहेरच्या लाखोंसमोर उभे करणे ही क्लबांची जुनी रीत आहे. आजही निवडणुका आल्या की ती दिसते.

५

आता आपल्या हसण्याकडे येतो. आपल्याला प्रतिष्ठितांना हसण्याची परंपरा नाही, असे समजण्याचे कारण नाही. १८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. भोळ्या कुणबी नवराबायकोला एक जोशी कसा लुबाडतो, हा त्याचा विषय. त्यात जोतीरावांनी विदूषक ठेवला आहे. संस्कृत नाटकांतला विदूषक बहुधा राजाचा खादाड ब्राह्मण मित्र. जोतीरावांचा विदूषक शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहून जोश्याचे बिंग फोडतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक स्वीकारले नाही, यात आश्चर्य ते काय? पुढे सत्यशोधकी जलसे आले, त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. गवळणीच्या जागी भटजी-सावकाराची थट्टा आली. तमाशात ज्याच्याकडे सोंगाड्याचे काम होते त्या माणसाने आपले सोंग आपल्या मुक्तीसाठी वापरले.

चित्रपटात काय झाले? १९७१ साली दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' आला. गिरणगावातून वर आलेला हा नट पडद्यावर अर्ध्या चड्डीतला बावळट खेडूत झाला. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात तो लावायला मालक तयार होईना. शिवसेनेने दबाव आणला तेव्हा तो लागला आणि तुफान चालला. पांढरपेशा समीक्षकांनी नाके मुरडली. गिरणी कामगार आणि खेड्यातली माणसे हसत राहिली. हा आपल्याकडचा खराखुरा फाटकावरचा प्रसंग होता. परंतु पुढची तीन वर्षेही पाहिली पाहिजेत. १९७४ च्या जानेवारीत वरळीत शिवसैनिक आणि दलित पँथर यांच्यात संघर्ष पेटला आणि भागवत जाधव हा पँथरचा कार्यकर्ता प्राणाला मुकला. मराठी खेडुतासाठी उघडलेले फाटक दलितासाठी उघडलेले नव्हते. 'बाहेरचा' या शब्दात आपण धरलेले आहोत की नाही, हे दरवेळी तपासावे लागते.

म्हणून विद्यार्थ्यांना मी तीन प्रश्न विचारायला सांगतो. या विनोदात कोण कोणाला हसतो आहे? बूट घासणाऱ्या माणसाला, स्त्रीला, वेगळ्या बोलीला हसून तर हे मिळवलेले नाही ना? आणि हसणे संपल्यावर फाटक होते तेथेच आहे की हलले? 'कॅडीशॅक' पहिल्या प्रश्नाला बऱ्यापैकी उतरतो, दुसऱ्याला अर्धवट, तिसऱ्याला मुळीच नाही. डॅनी पैज जिंकतो. क्लब उद्या सकाळी पुन्हा उघडणार आहे आणि पोरे पुन्हा खोपटीत बसणार आहेत.

६

घोलवडला बसून हे लिहिताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. या डहाणू-तलासरीच्या मुलखात फाटक हलले होते. सावकार आणि जंगल ठेकेदार वारल्यांना वेठीला धरीत, लग्नाच्या कर्जापायी पिढ्या गहाण पडत. मे १९४५ मध्ये झरीला हजारो वारली जमले. गोदूताई आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर त्यांनी वेठबिगार झुगारली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले, जेठ्या गांगड त्यांतला. गोदूताईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली आले. ते आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. या लढ्याने वेठ गेली. पण जून २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबात, मेघालयाच्या खासी पेहरावातील एका स्त्रीला, रीतसर पाहुणी असूनही, ती मोलकरणीसारखी दिसते म्हणून जेवणाच्या टेबलावरून उठवले गेले. आदिवासी पेहराव म्हणजे नोकराचा पेहराव, हे समीकरण एवढ्या वर्षांनीही पुसले गेलेले नाही. वारली चित्र मात्र अशा ठिकाणच्या भिंतीवर आनंदाने टांगले जाते.

दलित आणि आदिवासी यांचे अनुभव एक नाहीत. आपल्याला पाण्यापासून दूर ठेवले, वारल्याला त्याच्याच जमिनीवर परका केले. हा भेद नीट समजूनच जवळ यावे लागेल. त्या संध्याकाळी मी मुलांना महाडची गोष्ट सांगितली तेव्हा तलाव घासणारा तो मुलगा गप्प बसून ऐकत होता. मडक्यांचा आकडा ऐकून मात्र तो हसला. "एकशे आठ? मोजून?" एवढेच त्याने विचारले. मग सगळेच हसले, मीही हसलो. महाडच्या प्रसंगावर मी आयुष्यात पहिल्यांदा हसलो. त्यात अनादर नव्हता. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ती मडकी ओतली त्यांचे मोठेपण त्या क्षणी आमच्या लेखी संपले होते.

आता ही मुले एक छोटे नाटक बसवीत आहेत. त्यात एक तलाव आहे, एक पाटी आहे आणि पाण्यात पडलेला एक चिकू आहे. तो कुणाला काय वाटतो, यावर त्यांची भांडणे चालू आहेत. मी त्यांना एकच अट घातली आहे: तलाव घासणारा मुलगा नाटकात शेवटपर्यंत रंगमंचावर राहिला पाहिजे, आणि शेवटचे वाक्य त्याचे असले पाहिजे. ते वाक्य काय असावे हे त्याने अजून ठरवलेले नाही. ते मी सुचवणार नाही.